नव्या हमामाचं पान

मंगळवार, ९ जानेवारी

अकरा सेकंद! दार निस्रीनची साइट माझ्या मोबाइलवर उघडायला अकरा सेकंद लागले. तीनदा मोजलं. अकरा, बारा, अकरा. पहिले चार सेकंद नुसतं कारंजं, मग बासरी, मग वरून गुलाबाच्या पाकळ्या. फोन नंबर सगळ्यात तळाशी, तोही चित्रात रंगवलेला. त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही.

साहेब म्हणाले, "बाईंना कारंजं आवडतं. कारंजं ठेव." साहेब म्हणजे अन्वर. आमचं ऑफिस चार माणसांचं, शहराच्या नव्या भागात, हम्रियात, दंतवैद्याच्या वर. छोट्या दुकानांच्या साइट बनवतो. मी म्हटलं, ठेवते. दुसऱ्या पानावर.

"आणि पहिल्यावर?"

"फोन."

दार निस्रीन म्हणजे गेल्या वर्षी उघडलेलं स्पा. हमामच, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, पण संगमरवरी, मऊ पंचे, पुदिन्याचा चहा, नवरीच्या न्हाणाची वेगळी खोली.

हे काम माझ्याकडे आलंय ते आईला सांगितलेलं नाही. आई जुन्या शहरात, बेर्रिमातल्या नव्या हमामात बायकांचं अंग घासते. सव्वीस वर्षं.

शुक्रवार, १२ जानेवारी

नाव नवा हमाम, वय दीडशेच्या वर. खाली लाकडाची भट्टी, वर तीन खोल्या — गार, कोमट, गरम. पहाटेपासून दहापर्यंत पुरुष, दहा ते सहा बायका, सहा ते दहा परत पुरुष. दाराशेजारी खिळा आहे. आत बायका असल्या की रकिया त्या खिळ्यावर लाल फडकं लावते. रकिया दारावर बसते, पिशव्या सांभाळते.

आईला पगार नाही. घासणाऱ्या कुणालाच नसतो. बाया जाताना हातावर ठेवतात ते. नवरीचं न्हाण असेल तर जास्त. माझी कॉलेजची शेवटची दोन वर्षांची फी नवरीच्या न्हाणांवर निघाली. हे आईचं वाक्य.

ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगते, आई घरी असते.

मंगळवार, १६ जानेवारी

गिझलानबाईंबरोबर बैठक. दार निस्रीन त्यांचं. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलताना समोरच्याचं पेन उचलून त्याच्याशी खेळतात. माझं पेन दोनदा परत घेतलं.

मी विचारलं, "नवरी फोन करते तेव्हा पहिलं काय विचारते?"

"दर."

"आणि नवरीची आई?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोण घासणार, ते."

मग मी जे ठरवून गेले होते ते सांगितलं. पहिल्या पानावर घासणाऱ्या बायकांची यादी. नाव आणि किती वर्षं हे काम केलं. ज्या बाईचा हात हवा तिच्यावर बोट ठेवायचं. चेहऱ्याचा फोटो नाही — कुठलीच देणार नाही, नवरे भांडतील. हाताचा फोटो. नाहीतरी गिऱ्हाइकाला हातच हवा असतो.

गिझलानबाईंनी चष्मा खाली घेतला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"चौकशी केली."

खरं आहे ते. आई जेवताना म्हणायची, "बाया हमामात येतात असं मालकाला, हाजला वाटतं. बाया रकियाकडे येतात, माझ्याकडे येतात. उद्या मी चौकात बसले तर चौकात येतील!" हे मी लहानपणापासून ऐकतेय. चौकशीच म्हणायची.

गुरुवार, १८ जानेवारी

अन्वरशी वाद, यादीच्या क्रमावरून. तो म्हणे, लोकप्रिय आधी. मी म्हटलं, लोकप्रियता अजून मोजलेलीच नाही, क्रम कशाचा लावणार? वर्षं मोजलेली आहेत. ज्या बाईची जास्त, ती वर.

"तरुण, छान हात वर असले तर बरं दिसेल."

"बरं दिसेल. बुकिंग होणार नाही."

मग दुसरा वाद. मला हिरवं बटण मोठं हवं, फोनच्या चित्राचं, अक्षर एकही नाही. अन्वर हसला. "वाचता न येणारी बाई स्पाला येणार?"

"तिच्या मुलीचं लग्न ठरलं तर येईल."

"विआम, तू कुणासाठी बनवतेस नक्की?"

मी बटण मोठं केलं.

सोमवार, २९ जानेवारी

पाऊस नाही. धरणात पाणी नाही. आजपासून सरकारी हुकमाने हमाम सोम, मंगळ, बुध बंद. स्पाला लागू नाही — तिथे बादल्या नाहीत, फवारे आहेत, असं कारण ऐकलं. खरं काय ते मला माहीत नाही.

आई ओट्याशी उभी राहून बादली पुसत होती. कोरडी बादली. "आभाळाने पाणी नाही दिलं आणि बंद कोणाचे हात? माझे."

आई घरी असते — हे आता आठवड्यातले तीन दिवस खरं आहे.

गुरुवार, १ फेब्रुवारी

दार निस्रीनची नवी साइट सुरू. उघडायला १.४ सेकंद. यादीत सहा हात. सगळ्यात वर लतीफा, चौदा वर्षं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आधी आठवड्याला नऊ बुकिंग. गेल्या आठवड्यात अडतीस. त्यातली अकरा नवरीची. अकरापैकी सात लतीफाकडे!

अन्वरने सगळ्यांसाठी मिठाई आणली, बदामाची शिंगं. मी दोन खाल्ली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

शुक्रवार असून कुसकुस नव्हता, मसूर होता. आई उशिरा आली होती. काम नव्हतं तरी उशिरा. कुणी येईल म्हणून बसून राहिली.

"या महिन्यात एक नवरी नाही. एक! सगळ्या हम्रियात जातात म्हणे. मोबाइलवर हात दाखवतात तिथे. रकियाच्या भाचीने दाखवलं मला. हात, गं! एकाखाली एक, खाटकाकडे पाय मांडतात तसे."

मी मसूर खात राहिले.

"पण केलंय छान हं," आई म्हणाली. "मला वाचता येत नाही, पण मला कळलं. हात बघायचा, हिरवं दाबायचं. ज्याने केलं त्याला अक्कल आहे."

पाणी प्यायले. विचारलं, लिंबू हवं का.

तिच्या डाव्या मनगटावर डाग आहे, भाजल्याचा, पाच सेंटीमीटर लांब. मी सात वर्षांची होते, उकळती बादली कलंडली, तिने हात मध्ये घातला. तेव्हापासून मी हमामात गेले नाही. घरीच न्हाते. भीती वाटते म्हणून असं आईला वाटतं. तेव्हा ते खरं होतं. नंतर शाळेतल्या मुली तिथे यायच्या आणि आई त्यांच्या पाठी घासायची — म्हणून.

शनिवार, १७ फेब्रुवारी

ठरवलं. नव्या हमामाची साइट करायची. एक पान. ऑफिसच्या वेळेत नाही, ऑफिसच्या मशीनवर नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी हमामात गेले. आत नाही, दारापर्यंत. रकियाच्या शेजारी दीड तास बसून तिला येणारे फोन मोजले. तेवीस! त्यातले एकोणीस एकच — चालू आहे का, आणि आत कोण आहे.

"चालू आहे, चालू... बायका, बायका! सहापर्यंत!... अगं, सोमवारी कशी येशील, सोमवारी कुलूप आहे!" मग माझ्याकडे वळून, "जीभ झिजली गं माझी. आधी फडकं बघून माणूस यायचा नाहीतर परत जायचा. आता तीन दिवस बंद म्हटल्यावर गल्लीपर्यंत यायलाच कुणी तयार नाही. आधी फोन!"

मालक हाज बुअज्जा भट्टीकडून वर आले. भुवयांवर राख. मी काय करणार ते सांगितलं.

"वेबसाइट? पोरी, माझ्या हमामाला लाकूड लागतं. वेबसाइट जळते का?"

"हाज," रकिया म्हणाली, "उद्यापासून हा फोन तुम्ही गळ्यात अडकवा. मी भट्टीत लाकडं घालते. बघू कोण आधी थकतं."

हाज मोबाइलकडे बघत राहिले. तेवढ्यात तो वाजला. "करू दे पोरीला," म्हणाले. मग जाता जाता, "तामोची मुलगी ना तू? तोंड बघितलं नव्हतं मोठेपणीचं."

रविवार, २५ फेब्रुवारी

पान तयार. चित्र नाही, कारंजं नाही. कॅमेरा आत जाणारच नाही, आणि जाऊही नये.

वर एकच शब्द, पडदाभर: बायका. किंवा पुरुष. किंवा बंद. त्याखाली कितीपर्यंत. त्याखाली हिरवा फोन — रकियाचा. बायकांचं पान लाल, फडक्याच्या रंगाचं. पुरुषांचं पांढरं. उघडायला अर्धा सेकंद. पान स्वतः घड्याळ बघून बदलतं, कुणी हात लावायची गरज नाही.

दार निस्रीनपेक्षा हे काम चांगलं झालंय. कुणाला दाखवता येणार नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

पाटी छापून घेतली — मोबाइल समोर धरला की पान उघडतं. लावायला जागा शोधली. जमिनीपासून दीड मीटर, डोळ्यांसमोर, सावलीत. बरोबर त्या जागी खिळा होता.

रकिया फडकं हातात घेऊन उभी. "आणि हे कुठे लावू?"

मी म्हटलं, "आता त्याची गरज नाही."

तिने घडी घातली आणि खुर्चीवर ठेवून त्यावर बसली.

मंगळवार, ५ मार्च

पाच दिवसांत पान सहाशे चाळीस वेळा उघडलं. रकियाला फोन अर्ध्यावर. गुरुवार ते रविवार हमाम भरलेला, कारण बंदचे दिवस लोकांना आता आधी कळतात.

आणि नवरी! टेलरबाईच्या मुलीचं न्हाण, रविवारी दुपारी, रमजानच्या आधीचं शेवटचं लग्न. आई दोन दिवस काळ्या साबणाचं मडकं हलवतेय. तेल घातलं, निलगिरी घातली, परत तेल. "तुझ्या पानाने आणली," म्हणाली. मला जवळ ओढून डोक्याचा मुका घेतला. साबणाचा हात केसांना लागला. दोनदा धुवावे लागले.

शनिवार, ९ मार्च

उद्या खूप गर्दी असणार. रमजानच्या आधी सगळं गाव न्हातं. आई आज लवकर झोपली.

रविवार, १० मार्च

चूक माझी. आधी ते लिहून ठेवते.

आज पहाटे सगळीकडे घड्याळं एक तास मागे गेली. रमजानच्या आधी दरवर्षी जातात, ईदनंतर पुढे येतात. पान मागे गेलं नाही. जागतिक वेळेपासूनचा एका तासाचा फरक मी पानात हाताने लिहिला होता. कायमचा. मी इथेच जन्मले. चोवीस रमजान बघितलेत. तरी लिहिला.

म्हणजे आज हमामात पाच वाजले होते तेव्हा पान सहा समजत होतं. पाच वाजता पान पांढरं झालं. शब्द: पुरुष.

पुढचं रकियाकडून कळलं, तुकड्यातुकड्यांनी, कारण ती मध्येच हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

आत तीसएक बायका. नवरी, तिच्या मावश्या, मेणबत्त्या, गाणी. नवरीच्या आजीला स्टूल हवं म्हणून रकिया दार सोडून आत गेली. दोन मिनिटं. सी तिजानी आले. शाळेत मला गणित शिकवायचे ते. ते रमजानचं घड्याळ मानत नाहीत. "सरकारने काटे फिरवले म्हणून सूर्य फिरत नाही" — हे दरवर्षी ऐकवतात. त्यांच्या मनगटावर जुनी वेळ: सहा. मोबाइलवर माझं पान: पुरुष. दोघांचं पटलं. खिळ्यावर फडकं नाही, पाटी. त्यांनी दार ढकललं.

"गाणं असं तुटलं ना," रकिया म्हणाली, "जसं कुणी गळाच धरला. मग जी किंकाळी! मावशीने चप्पल फेकली. तुझी आई गरम खोलीतून आली, हातात भरलेली बादली. अख्खी डोक्यावर! कोमट होती म्हणून वाचला तो. आणि हा बाबा ओला उभा, साबणदाणी छातीशी, म्हणतो काय — 'पण वेळ झाली!'"

हसून झाल्यावर तिने पुढचं सांगितलं.

नवरीच्या आईने चौकात आवाज चढवला. "हमाम आहे की बाजार? सबंध गल्लीला माझी पोरगी दाखवलीत! हे पान कुणी केलं? कोण आहे ती हुशार?" नवरीला अर्धं न्हाण टाकून घेऊन गेले. हाज बुअज्जा भट्टीतून धावत आले.

"मग?" मी विचारलं.

"पुढचं आईला विचार."

आई सातला घरी आली. मी म्हटलं, चूक माझी, मी उद्या हाजकडे जाते.

"जायचं नाही. मिटलं."

"काय मिटलं?"

"मिटलं म्हणजे मिटलं. हरीऱ्याच्या सूपाचे चणे भिजत घाल."

सोमवार, ११ मार्च

पान दुरुस्त. दहा मिनिटांचं काम होतं. केलं, मग पुसलं. दुसरं केलं.

आता पान घड्याळ बघत नाही. रकियाच्या मोबाइलवर तीन मोठी बटणं आहेत — लाल, पांढरं, काळं. फडकं लावलं की लाल दाबायचं. फडकं काढून बायका बाहेर पडल्या की पांढरं. कुलूप लावलं की काळं. फडकं खरं, पान त्याची नक्कल. हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दीडशे वर्षं चाललेली गोष्ट मी खिळ्यावरून काढली, कारण उंची बरोबर होती.

मंगळवार, १२ मार्च

पहिला रोजा. सी तिजानींच्या घरी गेले. माफी मागितली. बायको दारात, तोंडाला ओढणी लावून हसत होती.

"गणित बरोबर होतं, विआम," ते म्हणाले. "धरून चालली होतीस ते चूक. सातवीतही तुझं हेच व्हायचं."

त्यांच्या मनगटावर घड्याळ अजून जुन्या वेळेचंच आहे.

गुरुवार, १४ मार्च

हमामात जाऊन पाटी काढली, खिळा मोकळा केला. रकियाने खुर्चीवरून उठून फडकं झटकलं, लावलं. पाटी खाली, कमरेच्या उंचीवर. वाकून बघावी लागते. वाकतील.

"आई आत आहे?"

"आं? नाही... येईल." रकिया पिशव्या मोजायला लागली. पिशव्या तीनच होत्या.

आई सकाळी आठलाच घरून निघाली होती. बादली घरीच राहिली. विसरली असेल.

सोमवार, १८ मार्च

बंदचा दिवस. आई तरीही बाहेर. "रकियाकडे बदाम सोलायला." रोजा सुटायच्या आधी आली. अंगाला धुराचा वास नाही. नारंगीच्या फुलांच्या पाण्याचा.

बादली अजून कोपऱ्यातच आहे. आत कांदे ठेवलेत.

गुरुवार, २१ मार्च

रकियाच्या बटणांची नोंद बघितली. बायकांची वेळ ठरल्यापेक्षा चार मिनिटं आधी सुरू होते आणि अकरा मिनिटं उशिरा संपते. एकदा एकोणीस. नोंदीसोबत तिने आवाजातला निरोप पाठवलाय: "एक बाळंतीण होती, तिला कसं उठवू?"

वेळापत्रकात हे कुठेच नव्हतं. आता पान जे आहे ते सांगतं.

रविवार, २४ मार्च

पान रोज साधारण दोनशे वेळा उघडतं. गर्दी परत आली म्हणाली रकिया. टेलरबाईची बहीणही आली, नाक मुरडत, पण आली.

मंगळवार, २६ मार्च

गिझलानबाई ऑफिसात. खूश. ईदनंतरचे तीन आठवडे भरलेत. सहा जणी पुरत नाहीत. "मुरलेला हात हवा. मुली मिळतात, नखं रंगवलेल्या. घासता कुणाला येतं? यादी वाढवायची तयारी ठेव."

माझं पेन घेऊन गेल्या.

गुरुवार, २८ मार्च

रकियाचा फोन. "बटणं दाबते गं मी, त्याचं काही नाही. दुसरंच सांगायचंय. हाजने तामोची जागा अजून कुणाला दिलेली नाही. त्या दिवशी रागात बोलले. नवरीची आई ऐकेचना, कुणीतरी गेलंच पाहिजे म्हणाली. तर तुझी आई पुढे झाली. पान माझ्या मुलीने केलं, म्हणाली, मी जाते. घासायचा हातमोजा काढून कठड्यावर ठेवला. दोन आठवडे झाले. हातमोजा तिथेच आहे, कुणी हात लावला नाही. सांग तिला."

अठरा दिवस झाले. रकियाने मोजले नव्हते, मी मोजले. अठरा दिवस आई रोज घरून निघते आणि रोजा सुटायच्या आधी परत येते. बदाम एवढे नसतात.

हरीरा वाढताना विचारणार होते. विचारलं नाही. मी कुठल्या साइटचं काम करते ते तिनेही मला कधी विचारलेलं नाही. दोघींनी खजूर खाल्ला. तिचे हात मऊ दिसले. तेल लावलेले.

शुक्रवार, २९ मार्च

दार निस्रीनकडून आलं. यादीत एक नाव वाढवायचं.

तामो. सव्वीस वर्षं. फोटो सोबत: डावा हात.

खाली गिझलानबाईंची ओळ: "या आपली साइट बघूनच आल्या. वाचता येत नाही म्हणाल्या. हात बघितले आणि हिरवं दाबलं."

फोटो बाकीच्या हातांच्या मापात बसवला. मनगटापाशी कापायचा असतो. कापला नाही, डाग पूर्ण दिसतो.

क्रम वर्षांनुसार आहे. आई पहिली.